कपड्यात माया किती? ब्रँडवरची निष्ठा आणि टिकाऊपणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात नारायण पेठेत आमचं अल्टरेशन आणि रफूचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, गेली २२ वर्षं मी सांभाळते. लक्ष्मी रस्त्यावरचा शर्ट असो, एफसी रोडची जीन्स असो की विमाननगरच्या मॉलमधलं जॅकेट, उसवलं की ते आमच्या टेबलावर येतं आणि आम्ही ते उलटं करून बघतो. "ताई, कुठल्या कंपनीचं घेऊ?" असं रोज कुणी ना कुणी विचारतंच. पँटची उंची कमी करता करता दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून इथे सविस्तर लिहिलं आहे.

एकाच ब्रँडला धरून राहावं की दर वेळी नवीन बघावं?

धरून राहण्यात गैर काहीच नाही. मी दोन कारणं मानते. पहिलं मापाचं. एखाद्या कंपनीचा बेचाळीस नंबर तुमच्या खांद्यावर नेमका बसत असेल, बाही मनगटाच्या हाडावर थांबत असेल, तर ती कंपनी सोडू नका. कंबर, उंची, बाही आम्ही कमी-जास्त करून देतो. खांदा मात्र तयार शर्टात सुधारणं फार किचकट काम आहे आणि ते क्वचितच साधतं.

दुसरं कारण विक्रीनंतरच्या वागण्याचं. तुमच्या आईनं वर्षानुवर्षं एकाच कंपनीचा कुकर का घेतला? कारण वीस वर्षांनीही त्याची रिंग आणि शिट्टी बोहरी आळीत मिळते. कपड्याचंही तसंच बघा. बटण हरवलं, चेन बिघडली, शिवण सुटली तर ती कंपनी तुम्हाला ओळख दाखवते का? दाखवत असेल तर तिला धरून राहा.

जाहिरातीतला चेहरा, मित्रानं केलेलं कौतुक, छातीवरचं चिन्ह, या कारणांनी कपडा एक धुणंही जास्त टिकत नाही.

दुकानात उभ्या उभ्या चांगला कपडा कसा ओळखायचा?

उलटा करा. ट्रायल रूममध्ये घालून बघायच्या आधी आतून बघा.

सगळ्यात आधी माया बघायची. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडलेलं असतं त्याला आम्ही माया म्हणतो. कपडा पुढे सैल करायचा झाला तर ती उघडता येते, आणि शिवणीवर ताण आला तर तीच तो सोसते. मागच्या पावसाळ्यात एक निवृत्त गृहस्थ लग्नात शिवलेली टेरिवूलची पँट घेऊन आले. मुलाला घालायची होती, कंबर दोन इंच कमी पडत होती. मी मागची शिवण उसवली तर आत दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच कापड घडी घालून ठेवलेलं. तीस वर्षं उजेड न लागल्यामुळे त्या पट्ट्याचा करडा रंग बाहेरच्यापेक्षा गडद होता, एवढाच फरक. अर्ध्या तासाचं काम. त्याच दिवशी चार हजारांची एक नवी पँट आली होती, तिच्यात जेमतेम दोन सूत, म्हणजे पाव इंच माया, तीही ओव्हरलॉकनं, म्हणजे कापडाच्या कडेला मारलेल्या शिलाईनं खाल्लेली. तिला कंबरेत काहीही करता आलं नाही, ती तशीच परत दिली.

मग टाके मोजा. चांगल्या फॉर्मल शर्टात इंचाला १४ ते १८ टाके असतात. आठ-दहा असतील तर घाईनं मारलेली टीप समजा. काज बघा: कडेला धाग्याची पिसं निघालेली असतील तर महिन्याभरात ते फाकणार. चौकडीच्या शर्टात खिशावरची चौकट खालच्या चौकटीशी जुळते का ते बघा. न जुळण्यानं शर्ट लवकर फाटत नाही, पण जिथे खिसा जुळवायला वेळ दिला आहे तिथे इतर ठिकाणीही दिलेला असतो, हा माझा अनुभव.

टी-शर्टला वेगळी परीक्षा. बाजूची शिवण काखेपासून खालपर्यंत सरळ उतरते का बघा. विणताना आणि कापताना काटकसर केली असेल तर दोन-तीन धुण्यांत ती फिरून पोटावर येते, आणि त्यावर आमच्याकडे इलाज नाही. खांद्याच्या शिवणीला आतून पट्टी लावलेली असेल तर गळा आणि खांदा लोंबत नाहीत. कापडाचं वजन जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम असं सांगतात. रोजच्या वापराला १८०च्या आसपासचं सुती कापड चांगलं. पण नुसतं वजन बघून फसू नका, सूत आखूड धाग्याचं असलं तर जाड कापडावरही गोळे येतात. आतल्या बाजूला तळहात जोरानं दहा-बारा वेळा घासून बघा, लव उठली तर गोळे येणार.

चेन वर-खाली करा आणि रनरवरची अक्षरं वाचा. जपानच्या वायकेकेची चेन आहे म्हणून जॅकेट चांगलंच असं नाही, शिवाय नकली अक्षरंही असतात. पण जॅकेट नव्वद टक्के वेळा चेनपाशीच मरतं हे आम्ही रोज बघतो. तिथे पैसे वाचवणारी कंपनी मला आवडत नाही.

"आता पूर्वीसारखी क्वालिटी राहिली नाही." हे खरं की नुसता भास?

थोडा भास आहे. जुने जे कपडे विरले त्यांची केव्हाच पायपुसणी झाली, आजोबांचा एक कोट तेवढा कपाटात उरला, आणि आपण त्या कोटावरून सगळा काळ मोजतो.

पण बऱ्याच बाबतीत ते खरंही आहे, आणि हे मी दुःखानं लिहिते. माझे वडील आयुष्यभर एकाच कंपनीचे पांढरे शर्ट घालायचे. दर दिवाळीला दोन. कॉलर घडीवर विरली की रविवारी दुपारी चष्मा लावून बसायचे, ब्लेडच्या टोकानं एकेक टाका उचलायचे, कॉलर सोडवून उलटी करून पुन्हा बसवायचे. शर्ट आणखी दोन-तीन वर्षं चालायचा. आठ-नऊ वर्षांपूर्वी त्याच कंपनीच्या शर्टाची कॉलर त्यांनी अशीच सोडवली, तर आतलं बक्रम, म्हणजे कॉलर ताठ ठेवणारं कडक कापड, शिवलेलं नव्हतं, डिंकानं चिकटवलेलं होतं. ते सोलून निघताना कापडाचा पापुद्रा घेऊन आलं. उलटवायला काही उरलंच नाही. बाजूची माया मोजली, जुन्या शर्टात अर्धा इंच होती, नव्यात सव्वा सूत. किंमत वाढलेली, खोका तोच, लेबल तेच. मी दोन्ही कॉलरींचे फोटो जोडून कंपनीला पत्र लिहिलं. आपला अभिप्राय आमच्यासाठी मौल्यवान आहे, असं दोन ओळींचं उत्तर आलं. वडिलांना ते फार लागलं. त्यांनी पुन्हा तो शर्ट घेतला नाही, कापड आणून शिवून घेऊ लागले.

चिकटवलेली कॉलर वाईटच असते असं मी म्हणत नाही. नीट केलेली वर्षानुवर्षं सपाट राहते. वाईट केलेली गरम पाण्यात आणि कडक इस्त्रीखाली फुगे धरते.

जीन्सचं आणखी एक. पूर्वी ती निव्वळ सुती असायची, आता बहुतेकींत एक-दोन टक्के इलास्टेन असतं. बसायला-उठायला सोपं जातं, पण ते ताणाचं सूत उष्णतेनं मरतं आणि गुडघ्यावर पोतं होतं. आतल्या लेबलवर प्रमाण छापलेलं असतं, ते वाचा. आवडत्या ब्रँडचंही दर वेळी वाचा, कारण तोच नंबर, तेच नाव असताना आतलं कापड बदललेलं मी अनेकदा पाहिलं आहे.

चार वेगवेगळे ब्रँड बघितले, शेवटी मालक एकच निघाला. मग निष्ठा कशावर ठेवायची?

लुई फिलिप, व्हॅन ह्यूसेन, ॲलन सोली आणि पीटर इंग्लंड ही चारही नावं भारतात आदित्य बिर्ला समूहाकडे आहेत. १९९९मध्ये मदुरा गारमेंट्स विकत घेतल्यावर ती त्यांच्याकडे आली. यात फसवणूक काही नाही. वेगवेगळ्या खिशांसाठी वेगवेगळी नावं असतात. त्यामुळे नावापेक्षा त्या नावातली नेमकी मालिका धरा: अमुक कापड, अमुक फिट. बिल आणि लेबलचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, पुढच्या वेळी दुकानात तोच दाखवा.

विदेशी नाव म्हणजे चांगलं, की आपलं देशी घ्यावं?

हा प्रश्न पुण्यात जुना आहे. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७च्या दिल्ली दरबाराला स्वतः कातलेल्या सुताची खादी घालून गेले होते. १९०५च्या ऑक्टोबरात याच शहरात विदेशी कपड्यांची होळी झाली. कापड कुठून येतं याची पुणेकराला तेव्हापासून फिकीर आहे आणि मला ती मोलाची वाटते.

पण नावावरून मूळ ठरवू नका. बाटा अनेकांना अस्सल आपली वाटते. ती १८९४मध्ये आजच्या चेकियातल्या झ्लिन गावात सुरू झाली. उलट लुई फिलिप हे नाव फ्रेंच राजाचं, पण मालकी भारतीय. ठाण्यात १९२५मध्ये सुरू झालेल्या रेमंडचं नावही ऐकायला परकंच. मी देशी आधी बघते. पण देशी आहे म्हणून ढिली शिवण चालवून घेत नाही.

महाग घेतलं की टिकतंच ना?

नाही. ठरावीक किमतीपर्यंत पैसे कापडात आणि शिवणीत जातात, त्यापुढे ते दुकानाच्या भाड्यात आणि नावात जातात. करानंही किंमत बदलते: २२ सप्टेंबर २०२५पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या कपड्यावर १८ टक्के. म्हणजे या मर्यादेच्या जरा खालच्या आणि जरा वरच्या दोन शर्टांत कधी कधी एका टाक्याचाही फरक नसतो.

मी किंमतीला वापराच्या दिवसांनी भागते. तीन हजारांची पँट आठवड्यातून दोनदा घालून पाच वर्षं गेली तर एका वेळेला सहा रुपयेही पडत नाहीत. लग्नात एकदाच घालायच्या जॅकेटला हाच हिशेब लावा, म्हणजे ते भाड्यानं आणायचं की विकत घ्यायचं ते कळेल.

"लाइफटाइम गॅरंटी" म्हणजे कुणाच्या लाइफची?

ते लिहून घ्या. बहुतेक ठिकाणी ती वस्तूच्या आयुष्याची असते, तुमच्या नव्हे, आणि वस्तूचं आयुष्य किती हे कंपनी ठरवते.

मन लावून गॅरंटी पाळणाऱ्यांच्याही गोष्टी आहेत. अमेरिकेतल्या मेन राज्यात लिऑन बीन यांनी १९१२मध्ये शिकारीचे बूट विकायला काढले. पहिल्या शंभर जोड्यांपैकी नव्वद परत आल्या, रबरी तळ आणि चामडं यांची शिवण सुटली होती. त्यांनी सगळ्यांचे पैसे परत केले, बूट सुधारले, आणि त्यावर एल. एल. बीन ही कंपनी उभी राहिली. शंभरावर वर्षं त्यांनी जुना माल केव्हाही परत घेतला. पण २०१८मध्ये त्यांनाही ती मुदत एका वर्षावर आणावी लागली, कारण लोक जुन्या बाजारातून उचललेले कपडे नेऊन पैसे मागू लागले होते. गॅरंटी दोन्ही बाजूंनी पाळावी लागते हे ग्राहक म्हणून आपणही ध्यानात ठेवलं पाहिजे.

पॅटागोनिया या अमेरिकी कपड्यांच्या कंपनीनं २०११मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये स्वतःच्याच जॅकेटचं चित्र छापून 'हे जॅकेट विकत घेऊ नका' अशी जाहिरात दिली. आहे ते दुरुस्त करून वापरा, असं सांगणं होतं. ती कंपनी नेवाडातल्या रेनो शहरात मोठं दुरुस्ती केंद्र चालवते. मला या रेनोचं फार अप्रूप आहे, कारण जीन्सची गोष्टही तिथलीच. जेकब डेव्हिस नावाचा तिथला शिंपी. मजुरांच्या पँटचे खिसे सारखे फाटत, म्हणून त्यानं खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिवेट ठोकले. पेटंटच्या खर्चासाठी त्यानं ज्याच्याकडून कापड घ्यायचा त्या लेव्ही स्ट्रॉसला सोबत घेतलं आणि २० मे १८७३ रोजी पेटंट मिळालं. तुमच्या जीन्सच्या खिशावर आज जो पितळी ठिपका दिसतो, तो एका शिंप्यानं नेमक्या फाटणाऱ्या जागेवर केलेला इलाज आहे.

सेलमधलं, आउटलेटमधलं घ्यावं का? आणि "फर्स्ट कॉपी"?

सेलमधलं जरूर घ्या, फक्त वर सांगितल्याप्रमाणे आतून तपासा. आउटलेटमध्ये दोन प्रकारचा माल असतो: हंगाम संपलेला मूळ माल, आणि खास आउटलेटसाठी स्वस्तात केलेला. दुसऱ्याचं कापड हाताला हलकं लागतं. डाग किंवा चुकलेली टीप म्हणून बाजूला काढलेला माल असेल तर उत्तम, असे कपडे आम्ही पन्नास-शंभर रुपयांत सरळ करून देतो.

फर्स्ट कॉपी, म्हणजे ब्रँडची हुबेहूब नक्कल, घेऊ नका. ती चोरी आहे.

बुटांचं काय?

तळ चिकटवलेला आहे की शिवलेला, एवढं विचारा. वेल्ट, म्हणजे तळाच्या कडेची पट्टी, लावून शिवलेल्या बुटाचा तळ चांभार बदलून देतो. नुसता चिकटवलेला दोनदा चिकटेल, मग फेकावा लागेल.

ट्रेकिंगवाल्यांनी एक सांभाळावं. पॉलियुरेथेनचा मऊ तळ न वापरताही हवेतल्या ओलाव्यानं आतून कुजतो. पाच-सहा वर्षं माळ्यावर जपून ठेवलेले महागडे बूट राजगडाच्या चढावर पावाच्या चुऱ्यासारखे सुटतात आणि माणूस उघड्या पायानं गुंजवण्याला उतरतो. जुन्या रेनकोटचं आतलं अस्तर चिकट होऊन सोलतं तेही याच कारणानं. असा बूट ठेवणीतला नसतो, घेतला की वापरायचा.

पैठणी, कोल्हापुरी, खादी यांना ब्रँड म्हणायचं का?

मी तर आधी त्यांनाच म्हणते. कोल्हापुरी चपलेला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. २०२५मध्ये इटलीच्या प्राडानं मिलानमध्ये तशाच चपला दाखवल्या, तेव्हा सुरुवातीला कारागिरांचं नावही घेतलं नव्हतं. इकडे ओरड झाल्यावर प्रेरणा कुठली ते त्यांनी मान्य केलं. इथे नाव एका मालकाचं नाही, शेकडो घरांचं आहे. जाहिरातीला पैसा नसतो, तक्रारीला फोन नंबर नसतो. म्हणून इथे निष्ठा माणसावर ठेवावी लागते. ज्या कारागिराची चप्पल तुम्हाला चार वर्षं गेली, त्याच्याकडेच परत जा.

पैठणी घेताना सिल्क मार्क, म्हणजे शुद्ध रेशमाची खूण, बघा. पदराच्या उलट बाजूला धाग्यांचं जाळं लोंबत असेल तर ती हातमागाची नाही. हातमागाचा पदर दोन्हीकडून जवळपास सारखा दिसतो. रेशमाचा सुटा धागा जाळला तर जळक्या केसासारखा वास येतो.

मुलगा कॉलेजात जातो, ब्रँडेडशिवाय काही घालतच नाही. काय करू?

ओरडू नका. वर्षाचे कपड्याचे पैसे एकरकमी त्याच्या हातात द्या आणि हिशेब त्यालाच ठेवू द्या. आणि एकदा त्याला त्याची फाटलेली जीन्स घेऊन आमच्याकडे पाठवा. मी टेबलावर उलटी करून दाखवते. मुलं फार लक्ष देऊन बघतात, असा माझा अनुभव आहे.

लॉयल्टी कार्डाचे पॉइंट साठवावेत?

जिथे तुम्ही एरवीही जाणार आहात तिथेच. पॉइंट संपतील म्हणून घेतलेला शर्ट कपाटात टॅगसकट पडून राहतो.

ब्रँडेड कपडा दोन धुण्यांत खराब झाला. दुकानदार म्हणतो, "बिलावर लिहिलंय, माल परत घेतला जाणार नाही."

असं छापून तो सुटत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९नुसार सदोष माल बिलातल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. आधी दुकानात लेखी द्या, मग कंपनीला मेल करा. तरी हलले नाहीत तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जायचं तर घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. या कामात पुण्याची परंपरा मोठी आहे, बिंदुमाधव जोशी यांनी १९७४मध्ये ग्राहक पंचायत इथेच सुरू केली.

पण त्याआधी कपडा लेबलप्रमाणे धुतला होता का, ते खरं सांगा. पुष्कळ तक्रारी आमच्यासमोर येतात त्यात सुती कापड गरम पाण्यात टाकून आटवलेलं असतं, किंवा गडद रंग मे महिन्याच्या गच्चीवर दिवसभर सुलटा वाळत घातलेला असतो. उलटा करून, सावलीत. एवढ्यानं रंगाचं आयुष्य खूप वाढतं.

वर्षानुवर्षांचा ब्रँड केव्हा सोडावा?

लागोपाठ दोन खरेदींत तोच दोष निघाला आणि कळवूनही कुणी दखल घेतली नाही, की सोडावा. एकदा चूक कुणाकडूनही होते. चूक कळवल्यावर बदलून देणारी, वर फोन करून विचारणारी कंपनी मी उलट जास्त घट्ट धरते.

दुरुस्तीला आणताना काय काय आणायचं?

कपडा धुऊन आणा, मळक्या कापडावर रफूचा धागा जुळत नाही. पँटची उंची करायची असेल तर ज्या चपला-बुटांवर घालणार ते पायात घालून या. तुटलेलं बटण टाकून देऊ नका, आणि नवीन शर्टाच्या आत खालच्या पट्टीवर एक-दोन जादा बटणं शिवलेली असतात, ती बघा. लोकरीच्या कपड्याला रफू करायचं असेल तर त्याच कपड्याच्या मायेतून आम्ही धागा काढतो, म्हणून आधी कुठे अल्टर करून उरलेली कापडाची पट्टी घरी असेल तर तीही पिशवीत घाला.